सतराही ‘नवीन’

ट्यूनिसच्या गाडीतळावर स्फाक्स शहराला जाणाऱ्या गाडीच्या रांगेत नझीहा पहिली होती. तिच्या मागे दोघांची हळू आवाजात जुंपली होती.

“शाडली, स्फाक्सच्या इस्पितळातल्या औषधपंपात कुठलं सॉफ्टवेअर टाकलंस?”

“नवीन, मॅडम.”

“त्या दिवशी संगणकाने त्याच्या आपोआप सतरा आवृत्त्या बनवल्या. सगळ्यांवर ‘नवीन’च लिहिलंय. आवृत्तीचा क्रमांक कुठाय?”

“क्रमांक घालायचं मीच बंद केलं. वेळ खात होतं.”

“किती?”

“दोन सेकंद.”

“धन्य आहेस! डॉक्टरांना काय सांगितलंस?”

“खरं तेच. आत काय आहे ते आम्हालाच ठाऊक नाही, मी येईपर्यंत पंप कुणाला लावू नका.”

“आणि पेशंट?”

“थांबलेत.”

“स्फाक्स! एकच जागा!” चालक ओरडला.

नझीहाने बाजूला सरकून शाडलीला वाट दिली.

“जा बाळा, बस. मी पुढच्या गाडीने येते.”