बसऱ्याची फुकट किटली

हसा, हसा! पण तुम्हाला सांगतो, सौदा मीच जिंकला होता... जिंकलाच ना हो? जर्मनच्या लढाईत खेचरं हाकायला बसऱ्याला निघालो, तेव्हा कौसाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, बजावलेलं, "काहीतरी लई येज्यात, रिकामा हाते येवानं नही!" आता तिथल्या बाजारात मला बोली कुठली कळायला? पण आपण पडलो सारंगखेड्याचे! यात्रेत घोड्याचा भाव कुणी तोंडानं बोलतं का? हातांवर रुमाल टाकायचा, खालून बोटं दाबायची, झाला सौदा!

एका दारात म्हातारा अरब बसलेला, पुढ्यात तांब्याची किटली, चोच ही एवढी! टाकला रुमाल, धरला हात, दाबली दोन बोटं. दोन रुपये! म्हातारा दचकला... आणि त्यानं माझा अख्खा पंजाच आवळला. पाच? वा रे वा! मी दोनावरच. तर त्याच्या डोळ्यांत पाणी! म्हटलं, असले रडके व्यापारी यात्रेत पैशाला पासरी! दाबलं एकच बोट. म्हाताऱ्यानं हुंदके देत किटली माझ्या हातात कोंबली, नि रुपयाला शिवेचना. फुकट! मग? सौदा मीच जिंकला ना?

छावणीत नाचत आलो. मागून आमच्याच तुकडीतला दलसिंग आला, वर्षभरात तिथली बोली शिकलेला, सगळं बघत उभा होता मेला! म्हणतो, "येड्या, ते दुकान नव्हतं, त्याचं घर होतं! किटली त्याची, रोजच्या कॉफीची. पोरगा लढाईत मेला, तेव्हापासून हात धरणारा तूच पहिला, म्हणत होता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! परत द्यायला धावलो, तर कूच करायचा हुकूम! आणि घरी कौसाबाई? त्याच चोचीतून पाहुण्यांना तूप वाढते, नि वर ऐकवते, "मन्हा मालकनी अरबलेबी हराई टाकं! फुकट लई उनात!" पाहुणे हसतात, मी तूप न घेताच ताटावरून उठतो. सौदा जिंकला ना मी!

परवा यात्रेत घोडी घ्यायला गेलो. रुमालाखाली घोडीवाल्या म्हाताऱ्याचा हात थरथरत होता... बोट दाबायचंच विसरलो, नुसता धरून बसलो. मागेल तेवढे दिले. ती थरथर हसू दाबण्याची होती, हे घरी कळलं. घोडी एका डोळ्यानं आंधळी!

कौसाबाईनं कपाळ बडवलं, "बसरामा फुकट, नि गावमा दुप्पट?"

म्हटलं, अर्धे घोडीचे आहेत बाई... अर्धे किटलीचे.