जयंताचे अकरा किलोमीटर

नमस्कार मंडळी.

बसा, बसा. मागच्या रांगेत अजून खुर्च्या आहेत. काही जण यायचेत, दुबईहून निघालेत आणि नेहमीप्रमाणे शारजाच्या तोंडाशी अडकलेत. त्यांच्यासाठी थांबायला हवं, पण थांबलो तर जयंता चिडेल. रोड डिझाईन करणारा माणूस. आपण सगळ्यांनी त्याला कायम एकच टोमणा मारला, "काय जयंतराव, हाच का तुमचा रस्ता?" आणि त्यानेही कायम एकच उत्तर दिलं, "रस्ता बरोबर आहे हो. गाड्या जास्त झाल्यात."

मला एरवी माईक दिला की काढून घ्यावा लागतो. आज मीच तो दोनदा खाली ठेवला. इथे अल नहदात, एकाच बिल्डिंगमध्ये, आमची दारं समोरासमोर. चौदा वर्षं दर शुक्रवारी सकाळी हा माणूस माझी बेल वाजवायचा, "शशी, चहा टाक." आज शुक्रवार. सकाळी मी दोन कप चहा टाकला. बायकोने पाहिलं. दुसरा कप तिने घेतला.

मंगळवारी दुपारी जयंता ऑफिसातच गेला. टेबलावर ड्रॉइंग, हातात पेन्सिल, आणि हार्ट बंद पडलं. बावन्न हे काय जाण्याचं वय आहे? मला राग आलाय त्याचा. पण तो विषय माझ्यात आणि त्याच्यात राहू दे.

आज मला एक कबुली द्यायची आहे. तीन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, मंडळाच्या कार्यक्रमात, जयंताने तुम्हाला फ्रान्सच्या सायकल ट्रिपचे फोटो दाखवले होते. आठवतंय? जयंता, त्याचा निखिल आणि मी. आठवडाभर, खेड्यापाड्यांतून, एकशे वीस किलोमीटर. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी माईकवर येऊन म्हणालो, "पाय अजून दुखतायत."

मंडळी, आम्ही एकशे वीस किलोमीटर केले नाहीत. आम्ही अकरा किलोमीटर केले.

हसा, हसा. जयंतालाही हसू यायचं. हे मी आज सांगतोय कारण काल रात्री कॅनडाहून आलेला निखिल मला म्हणाला, "अंकल, प्लीज टेल देम द रिअल स्टोरी." हे पोर तीन वर्षं मनात घेऊन बसलंय की माझ्यामुळे बाबांचं स्वप्न वाया गेलं. माझ्यामुळे बाबा सगळ्यांसमोर खोटं बोलले. आणि आता सॉरी म्हणायला बाबा नाहीत. निखिल, इथे पुढे बस. आईच्या, आमच्या वहिनींच्या शेजारी. हं.

तर स्वप्नापासून सांगतो. जयंताच्या ऑफिसात पास्काल नावाचा एक फ्रेंच सर्व्हेयर होता. त्याने एकदा एक नकाशा आणला. त्यांच्या गावाकडे जुनी रेल्वे बंद झाली, तेव्हा रूळ उखडून त्या पट्टीवर बारीक खडी दाबून बसवली. तिथून फक्त चालणारे आणि सायकलवाले जाणार. गाडीला बंदी. स्कूटरलासुद्धा बंदी. शेतांमधून, ओढ्यांवरून, मैलोन्‌मैल. तिकडे त्याला हिरवी वाट म्हणतात म्हणे.

जयंता तो नकाशा घेऊन माझ्या घरी आला. लहान मुलासारखा चेहरा. "शशी, मी सहा लेनचे आठ केले, आठचे दहा केले. ज्या रस्त्यावर गाडी येऊच शकत नाही, असा रस्ता मला कधी कोणी काढायला सांगितला नाही." मी म्हटलं, हबीबी, इथे असा रस्ता काढलास तर दुसऱ्या दिवशी त्यावर पार्किंग होईल.

तो नकाशा दहा वर्षं त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता.

आणि त्याच दहा वर्षांत घरात एक सायकल होती. निखिलची. सात वर्षांचा असताना आणली, मागे दोन छोटी चाकं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जयंता स्वतः सोबत जायचा. मग एक दिवस आपल्या सिग्नलवर एका सायकलवाल्याला गाडीने उडवलं. जयंताने ते डोळ्यांनी पाहिलं. घरी आला आणि म्हणाला, सायकल रस्त्यावर जाणार नाही. खलास. पार्किंगमध्ये चालवायची. निखिल रोज संध्याकाळी सायकल घेऊन खाली जायचा. सगळ्यांना वाटलं, पोरगं चालवतंय.

आपल्यापैकी कोणी आपल्या मुलाला कधी विचारलंय का, सायकल येते का रे तुला? नाही विचारत. आपण मिरजेत, साताऱ्यात, नाशकात वाढलो. आपल्याला सायकल कोणी शिकवली तेही आठवत नाही. चालता येतं का, असं कोणी विचारतं का? आणि आपली मुलं इथे गाडीच्या मागच्या सीटवर वाढली. शाळेला गाडी, क्लासला गाडी, समोरच्या बकाला दुकानातून दूध आणायलाही गाडी.

निखिल अठराचा होणार, शिकायला कॅनडाला जाणार. एकत्र अशी ती शेवटची सुट्टी. जयंता म्हणाला, आता नाही तर कधीच नाही. वहिनींनी दशम्या बांधून दिल्या. आम्ही निघालो.

पहिल्या दिवशी जयंताने पहाटे साडेचारचा अलार्म लावला. का? तर ऊन चढायच्या आत निघायला हवं! वीस वर्षं गल्फमध्ये राहिलेला माणूस. आम्ही तिघे दारात उभे. बाहेर अंधार, धुकं आणि अशी थंडी की माझे दात वाजतायत. प्रत्येकाच्या पाठीवर सहा सहा लिटर पाणी. आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीणबाई गाऊनवर खाली आली, तिला वाटलं चोर आले. जयंता तिला हातवारे करून सांगतोय, "सन! सन! व्हेरी हॉट!" आणि ती बिचारी आकाशाकडे बघतेय.

उजाडता उजाडता आम्ही चालत त्या वाटेवर पोहोचलो, भाड्याच्या सायकली तिथेच ठेवलेल्या. सुरुवातीला जुनं स्टेशन, निळं दार, पलीकडे सूर्यफुलं. जयंता खाली बसला. मला वाटलं नमस्कार करतोय. साहेब खडी हातात घेऊन बघत होते! "शशी, काय कॉम्पॅक्शन आहे बघ, कशी घट्ट दाबलीय." मग उठला, सायकलवर टांग टाकली आणि म्हणाला, "यल्ला, चल निखिल."

निखिल हलला नाही.

"बाबा, आय कान्ट."

"काय कान्ट? थंडी वाजतेय?"

"आय नेव्हर लर्न्ट. खाली मी फक्त ती धरून बसायचो. ऑल दोज इयर्स."

मंडळी, तेव्हा मी जयंताला अकरा वर्षं ओळखत होतो. तो आता ओरडणार, असं मला वाटलं. दहा वर्षांचं स्वप्न, त्यावर सतरा वर्षांचा मुलगा मान खाली घालून उभा. जयंता सायकलवरून उतरला. ती स्टेशनच्या भिंतीला टेकवून ठेवली. निखिलच्या सायकलची सीट मागून धरली आणि म्हणाला, "बस. पुढे बघ. चाकाकडे बघू नको."

सहा दिवस, मंडळी. सहाही दिवस आम्ही पहाटे साडेचारलाच उठलो. दुसऱ्या दिवसापासून कारण बदललं होतं. त्या वेळी वाटेवर चिटपाखरू नसायचं, म्हणून पोराला पडताना बघायला कोणी नव्हतं. आणि पोरगं पडलं! डावीकडे पडलं, उजवीकडे पडलं, एकदा सूर्यफुलांत गेलं. जयंता मागून पळतोय, पोट सांभाळत, सीट धरून. मी दोनदा म्हटलं, "जयंता, तू जा रे पुढे, मी बघतो याच्याकडे. तुझी सायकल भिंतीला टेकून सुकतेय." तो म्हणायचा, "नंतर."

म्हणून त्या फोटोंत प्रत्येक वेळी तेच निळं दार होतं. जोशी काकांनी विचारलंही होतं, "अहो, हे मघाशी पाहिलं ना?" जयंता काय म्हणाला? "काका, तिकडे सगळी स्टेशनं सारखीच असतात." आणि काका, तुम्ही मान डोलावलीत!

वहिनी, तुम्हाला तरी माहीत होतं का? होतं? बघा, मान हलवतायत. काय म्हणताय? निखिलच्या जीन्सच्या गुडघ्यांवरून कळलं? म्हणजे आम्ही दोघं तीन वर्षं उगाचच पाठांतर करत होतो.

सहाव्या दिवशी जयंताने हात काढला. निखिलला कळलं नाही. तो गेला. पन्नास मीटर, शंभर मीटर, जातोच आहे. दीड-दोन तासांनी परत आला, सायकल हातात धरून चालत. मागे वळवायची कशी आणि एकट्याने चढायचं कसं, ते शिकवायचं राहून गेलं होतं. पुढच्या गावापर्यंत साडेपाच आणि परत साडेपाच. हेच ते आमचे अकरा किलोमीटर. जयंताच्या सायकलचं चाक शेवटपर्यंत फिरलं नाही. परतताना विमानात तो म्हणाला, "मंडळात एकशे वीस सांगायचं. पोरगं सप्टेंबरात चाललंय, त्याचं हसं करून पाठवायचं नाही." म्हणून आम्ही खोटं बोललो.

निखिल, आता ऐक. तू पुढे गेलास त्यानंतरचं तुला माहीत नाही.

तू त्या वळणापलीकडे गेलास. मी घाबरलो. मी माझी सायकल उचलली, म्हटलं, जयंता, मी जातो त्याच्या मागे. त्याने माझं हँडल धरलं. धापा टाकत होता. शर्ट घामाने ओला, त्या थंडीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. म्हणाला, "राहू दे. जाऊ दे त्याला. मागून काही येत नाहीये, शशी. पुढूनही काही येणार नाही."

मग आम्ही दोघं त्या खडीवर बसलो. त्याने मूठभर खडी हातात घेतली. आणि मग म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं, या रस्त्यावर मला स्वतःला सायकल चालवायचीय. तसं नव्हतं रे. मला कुठेतरी याची सीट सोडायची होती. तिकडे आपल्या शारजात हातच सुटत नव्हता."

निखिल, तुझ्या बाबांचं काहीही वाया गेलेलं नाही. ते मी पाहिलंय. मी शेजारी बसलो होतो.

मंडळी, आता आपण उभे राहू या. कोणी काही बोलू नका. दोन मिनिटं जयंताला नुसतं जाऊ द्या.