मामांच्या सहीचं योगशिबिर

अगं, एकटीनं सुट्टीला जायचं तर आधी घराशी दोन हात करावे लागतात. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन जोरात होतं, तेव्हा मी वाळूजच्या एका कारखान्यात नवीनच लागले होते. पहिली आठ दिवसांची रजा मिळाली आणि ठरवलं, योगशिबिराला जायचं. दोन शिबिरांची पत्रकं मागवली. एक नदीकाठचं, मोकळंढाकळं. मला तेच हवं होतं. दुसऱ्यात आठही दिवस मौन.

पण प्रत्येक पत्रकाला जोडलेल्या अर्जावर मुलींसाठी पालकाची सही लागत होती. वडील गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो कन्नड गावच्या मामांचा.

"एकटी? मोर्चे निघायलेत, एसट्या बंद व्हायल्यात," मामा म्हणाले.

"मामा, त्या मोर्चात मीच असते."

"मग तर मी सोबत येणारच."

तासभर भांडले, पण मामा हटेनात. शेवटी मी शांतपणे मौनाचं पत्रक उचललं आणि वाचलं, "पहाटे चारला उठणे. चहा नाही. तंबाखू नाही. आठ दिवस कुणाशी एक शब्द बोलायचा नाही."

मामांनी तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात नेली.

"मग सोबत कशाला पायजे? जिथं कुणी बोलतच नाय, तिथं पोरीला कोण काय बोलंल?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातल्या त्याच मौनाच्या अर्जावर सही ठोकली.

मी जिंकल्याच्या तोऱ्यात आईकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"एकटी जाशील गं. पण गप ऱ्हाशील का?"