कासमभाईच्या हॉटेलची चौकट

चहा घ्या, पण हॉटेल पाडाच्या कामाचं नाव काढू नका माह्यापुढं!

यवतमाळात रस्ता रुंद कराचा होता, म्हणून कासमभाईचं जुनं हॉटेल पाडाचा ठेका मी घेतलता. टिनं उतरवली, भिंती पाडल्या. राह्यली फक्त दाराची सागवानी चौकट अन् मांगची भट्टी. सकाळी येऊन पाह्यतो त कासमभाईनं भट्टी पेटवलेली अन् रोजचे गिऱ्हाईक हजर! चारही बाजू मोकळ्या, पण जो तो त्या चौकटीतूनच आत येऊन राह्यला. चौकट बुटकी, म्हणून डोकं वाकवून! आता येणं-जाणं थांबल्याशिवाय ती पाडाची कशी?

"अहो गुरुजी," मी वरडलो, "भिंतच नाही राह्यली, त दारातून कायले येता?"

"मंग काय भिंतीतून येऊ?" गुरुजी म्हणाले.

कासमभाई म्हणे, "ठेकेदार, गरम कायले होता? चाय पिऊन घ्या."

माह्ये मजूर त आधीच बाकड्यावर बसून चहा पिऊन राह्यलते.

"बसा सगळे येडे इथंच!" म्हणून मी तणतणत निघालो.

मांगं एकदम हशा पिकला. काहून हासतात म्हणून वळून पाह्यलं, त मीही डोकं वाकवून त्याच चौकटीतून बाहेर पडलतो.