डोंगरकड्याचं पाणी

बाळापूरच्या पाण्याचा चहा मचूळ लागतो म्हणता ना, आमच्या हिचंही हेच म्हणणं असायचं. तिचं माहेर डोंगरकडा. तिथल्या विहिरीचं पाणी गोड. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात ती तापानं पडली आणि तेच पाणी मागू लागली. रझाकारांमुळे वाट बंद होती. शेवटी मी आमच्याच आडाचं पाणी गाळून दिलं. म्हटलं, "घे, डोंगरकड्याचं."

घोट घेऊन ती म्हणाली, "अहो, आपला आड डोंगरकड्याला कवा गेला?"

मी ओशाळलो. तिनं मात्र हसत भांडं रिकामं केलं.

वाट मोकळी झाल्यावर, त्याच तापात ती गेल्याची बातमी घेऊन मी डोंगरकड्याला गेलो. सासूबाई लोटा घेऊन पुढं आल्या.

"आधी पाणी घ्या, जावईबापू. मग सांगा, लेक कशी हाय आमची?"