माऊसला हात लावायचा नाही

तुम्ही हसणार, तरी सांगतो. आमची मंदा नकाशे काढायच्या नोकरीसाठी कॉम्प्युटरवरचं कॅड शिकायला निघाली, तेव्हाची गोष्ट. दोन महिन्यांनी चिपळूणला तिची परीक्षा होती. ती म्हणत होती, मामाच्या कॉम्प्युटरवर सीडी लावून माझी मी शिकते. मी म्हटलं, "गुरूशिवाय विद्या नाही. क्लासच लाव."

मी होड्या बांधणारा सुतार, शाळा चौथीपर्यंत. पण शिकवायचं कसं, ते मला ठाऊक! पहिल्याच दिवशी क्लासच्या मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीला आधी नुसतं बघू द्या. माऊस हातात देऊ नका." मास्तर तरुण. माझ्या पांढऱ्या केसांना मान देऊन "बरं काका" म्हणाले.

महिन्याने मंदा रडकुंडीला आली. "बाबा, बाकीची मुलं घरांचे नकाशे काढतात आणि मी मागे उभी. मास्तर म्हणतात, तुझ्या बाबांना विचार."

"अगो, आमच्यात लाकूड तासायची वाकस वर्षभर हातात देत नाहीत. मीपण वर्षभर नुसतं बघितलं. घाई केली तर पायाची बोटं तुटतात."

मंदाने डोळे पुसले आणि माझ्या डाव्या पायाकडे बघितलं. "मग वर्षभर बघूनसुद्धा तुमचा अंगठा तुटलाच ना, बाबा?"

दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. मास्तर आले तसा उठून म्हटलं, "माऊस द्या तिला. काही तुटलं तर मी बघतो."