झाकण लावलेला पाव

हसू नका, पण मध्यभारत राज्य मोडलं अन् माझी बदली नव्या राजधानीत, भोपाळला झाली, तेव्हा आई उज्जैन सोडायलाच तयार नव्हती. बाबा जाऊन वर्ष झालं, तरी ती रोज आधी त्यांचं पान वाढायची. म्हणायची, "मी गेले तर ते उपाशी राहतील ना!"

निघायच्या दिवशी मालूनं, माझ्या बायकोनं, बाबांच्या आवडीचा पाव केला. देवास गेटवरून आणलेला अख्खा पाव पोखरून आत मलईत शिजवलेला पालक भरला, वरचाच काप झाकण म्हणून लावला आणि डब्यात घालून वर-खाली निखारे ठेवले. गरम पाव ताटात आला तशी आई म्हणाली, "अगं, ह्यांचं पान राहिलं!"

मालूनं घाईनं झाकण उचललं. पालकात, अगदी कडेला, चमचाभर खड्डा होता.

"चाखून पाहिलंस?" मी मालूला विचारलं.

"अहो, झाकण तुमच्यासमोरच तर लावलं!"

"मग गळला असेल, और क्या!" मी पाव उचलून पाहिला. खाली ताट कोरडं ठणठणीत.

आई मात्र शांतपणे उठली. "माझीही पेटी बांधा," ती म्हणाली. "ते जेवून तयार बसलेत."